नाव घातलेली काच

आई माठ घ्यायला निघाली की मला बरोबर न्यायची. कुंभारासमोर उकिडवी बसून ती एकेक माठ बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. मान किंचित कललेली, बोलणं बंद. बद्द आवाज आला की माठ बाजूला, खणखणीत आला की मग भावाची गोष्ट. साताऱ्याच्या बाजारातलं हे दृश्य मला पस्तीस वर्षांनी आठवलं, ते इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या एका गावात. तिथल्या टाउन हॉलमध्ये रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता आणि माझ्या हातात काचेचा एक छोटा पेला होता. विकणाऱ्या बाईंना विचारून मी त्याच्या काठाला नखानं हलकीशी टिचकी मारली. आवाज उमटला आणि विरेचना. देवघरातली घंटा वाजवून खाली ठेवल्यावरही कानात राहते, तसा तो त्या गजबजलेल्या हॉलमध्ये मला ऐकू येत राहिला.

पेला वीतभर उंचही नव्हता. वर दोन-तीन घोटांत संपेल एवढी वाटी. देठाच्या आत दुधासारख्या पांढऱ्या काचेचे धागे, वेणी घालावी तसे पिळलेले. खाली बैठक, वाटीच्या तोंडापेक्षाही रुंद. आणि वाटीवर कोरलेला गुलाब, त्याच्या शेजारी एक कळी. चिठ्ठीवर ‘वाइनचा पेला, अठरावं शतक, कोरीव गुलाब’ इतकंच लिहिलेलं. त्या गुलाबाचा अर्थ काय असू शकतो ते मला माहीत होतं, म्हणून छातीत धडधडत होतं. घासाघीस न करता मी पैसे दिले.

काचेचा नाद मला इकडे राहायला आल्यावर लागला. आमच्या घरापासून स्टूरब्रिज फार लांब नाही. काचेसाठी शेकडो वर्षं ओळखला जाणारा हा भाग. वर्डस्लीला रेड हाउस कोन नावाचा विटांचा सुमारे शंभर फुटी शंकू अजून उभा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा शंकू म्हणजे एकाच वेळी धुराडंही आणि कारखानाही. मधोमध भट्टी आणि तिच्याभोवती, त्याच शंकूच्या पोटात, कामगार. पहिल्यांदा आत जाऊन वर पाहिलं तेव्हा गाभाऱ्यात उभं राहून शिखराच्या आतल्या पोकळीकडे पाहावं तसं वाटलं होतं. मग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं काचेचं दालन झालं, मग बाजार, मग पुस्तकं. जुने इंग्रजी पेले हातात घेऊन बघायची सवय कधी लागली ते कळलंच नाही.

तो नाद, म्हणजे आवाज, शिशाचा. सतराव्या शतकात इंग्लंडच्या श्रीमंतांना व्हेनिसची काच हवी असायची. ती काच पातळ, हलकी, झटकन थिजणारी. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट हा व्हेनिसशी व्यापार करणारा माणूस. तशी स्वच्छ काच लंडनमध्येच करायची म्हणून त्यानं प्रयोग सुरू केले आणि १६७४ साली राजाकडून सात वर्षांचं पेटंट मिळवलं. त्याचे सुरुवातीचे पेले मात्र आजारी पडायचे. क्षारांचं प्रमाण चुकल्यामुळे काचेच्या अंगात बारीक भेगांचं जाळं पसरायचं आणि ती धुरकट व्हायची. यावर उपाय म्हणून मिश्रणात शिशाचं ऑक्साइड वाढवलं गेलं, आणि दुखणं बरं करता करता एक वेगळीच काच जन्माला आली. जड, मऊ, सावकाश थिजणारी, उजेड आत घेऊन तोडून बाहेर टाकणारी, टिचकी मारली की घुमणारी. सुधारलेल्या काचेवर रेव्हन्सक्रॉफ्ट कावळ्यासारख्या दिसणाऱ्या रेव्हन पक्ष्याच्या डोक्याची छोटी मुद्रा उठवू लागला. त्याच्या आडनावातलाच पक्षी तो. तशी मुद्रा असलेली भांडी आज फार थोडी उरली आहेत. मी एक पाहिलं आहे. काच अजूनही किंचित आजारीच वाटते, पण तिच्यासमोरून पाय निघत नाही.

शिशाची काच मऊ म्हणून तिच्यावर पैलू पाडता येतात. हिऱ्याला पाडतात तेच पैलू. आपल्याकडे माणसालाही पैलू असतात, व्यक्तिमत्त्वालाही. इंग्लंडमध्ये ही कला अठराव्या शतकात रुजली ती बरीचशी जर्मन आणि बोहेमियन कारागिरांच्या हातून. काम तीन चाकांवर चालायचं. आधी लोखंडी चाक, त्यावर वरून ओल्या वाळूची धार, म्हणजे खरं कापणं वाळूच करायची. मग पाण्यानं भिजवलेलं दगडी चाक, खरखरीतपणा काढायला. शेवटी लाकडी चाक आणि कथलाची भुकटी, चकाकीसाठी. या भुकटीत शिसंही मिसळलेलं असायचं आणि ते कारागिरांच्या अंगात भिनायचं. पैलू पाडलेला पेला उजेडात धरला की हे मला हमखास आठवतं.

१७६० नंतरच्या पेल्यांचे देठ बघावेत. षटकोनी किंवा चौकटच्या आकाराचे छोटे छोटे पैलू देठावर खवल्यांसारखे एकात एक बसवलेले, आणि वर वाटीच्या तळाशी त्यांच्या पाकळ्या झालेल्या. बोटांच्या चिमटीत धरला की देठ फिरत नाही, घट्ट बसतो. शोभा आणि सोय एकाच कापात. पुढे एकोणिसाव्या शतकात वाफेच्या यंत्रांवर चाकं फिरू लागली आणि काच नखशिखान्त कापायची चाल आली. अननसाच्या सालीसारखे जड, धारदार पेले. जॉन रस्किन या कलासमीक्षकानं १८५३ साली कापीव काचेला सरसकट रानटी ठरवलं होतं. वितळलेल्या काचेचा वाहता स्वभावच त्यात मारला जातो, असं त्याचं म्हणणं. त्या जड पेल्यांपुरतं मला ते पटतं, आधीच्या देठांपुरतं अजिबात नाही. (आपल्याकडच्या संस्थानिकांना मात्र ही जड काच भारी आवडली. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीनं कलकत्त्यात दुकान थाटून राजवाड्यांना झुंबरं पुरवली.)

या पेल्यांच्या अंगकाठीत एक कायदाही दडलेला आहे. १७४५ साली पार्लमेंटनं काचेवर कर बसवला. तो तयार पेल्यावर नव्हता, कच्च्या मालाच्या वजनावर होता, हंड्रेडवेटला म्हणजे सुमारे पन्नास किलोंना नऊ शिलिंग चार पेन्स. त्याआधीचे पेले म्हणजे जाडजूड देठाचे, मध्ये गोळे आणि गाठी असलेले, आत हवेचा एखादा थेंब अश्रूसारखा अडकवलेला. त्यानंतर देठ सडपातळ होत गेले. काच कमी, मग डोळ्यांना काय द्यायचं? हवा. तापलेल्या गोळ्यात टोचून हवेचे थेंब अडकवायचे आणि गोळा ओढता ओढता पिळायचा, की देठात चांदीच्या तारांसारखी हवेची सर्पिल रेघ उभी राहते. नंतर हवेच्या जागी पांढऱ्या काचेचे धागे आले, माझ्या पेल्यात आहेत तसे. काही जण हे सगळं कराच्या पदरात टाकतात. मला ते पुरतं मान्य नाही, कारण हलक्या, नाजूक नक्षीची आवड तेव्हा फर्निचरपासून चांदीच्या भांड्यांपर्यंत सगळीकडेच शिरली होती. पण कराचा हात होता हे नक्की. १७७७ साली तो दुप्पट झाला आणि उठला तो थेट १८४५ मध्ये. मधल्या काळात, १७८० साली आयर्लंडला व्यापाराची मोकळीक मिळाली. तिथे कर नव्हता, म्हणून कारागीर आणि भांडवल तिकडे गेलं आणि १७८३ साली वॉटरफर्डचा कारखाना उभा राहिला.

पण मला बाजारात थांबवलं ते कोरीवकामानं.

पैलू पाडणारा कारागीर काच चाकावर वरून दाबतो आणि काचेतूनच आरपार बघत कापतो. कोरणाऱ्याचं उलटं. तांब्याचं एक चिमुकलं चाक, कधी टाचणीच्या डोक्याएवढं, एका जागी फिरत असतं आणि तो पेला खालून त्याला लावतो. चाकावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड असते. तिच्या काळपट लेपाखाली नेमका स्पर्शाचा बिंदूच झाकला जातो. म्हणजे पाकळी कोरायची, पण ती कोरली जात असताना दिसत नाही. बोटांना जाणवतं, कानाला घासण्याचा सूर कळतो, मग पेला पुसायचा, बघायचं, पुन्हा लावायचा. याखेरीज दुसरी रीत हिऱ्याच्या टोकाची. हातात लेखणी धरावी तसा हिरा धरून काचेवर सरळ लिहायचं. हॉलंडमध्ये फ्रान्स ग्रीनवूड आणि त्याच्यानंतर डेव्हिड वोल्फ यांनी तर नुसत्या ठिपक्यांनी चित्रं काढली, हिऱ्याचं टोक टोचून टोचून, आणि त्यासाठी बरेचदा इंग्लंडची शिशाची काच पसंत केली. तिरप्या उजेडात धरली तरच ती चित्रं दिसतात, नाहीतर काचेवर कुणी श्वास सोडल्यासारखं वाटतं.

ठिपक्यांचं लिखाण म्हटलं की मला आमच्याकडची भांडी आठवतात. कुठल्याही मराठी घरात फडताळ उघडावं, भांड्यांवर नावं असतातच. अमक्याच्या मुंजीनिमित्त, तमक्याच्या लग्नात मामाकडून, खाली तारीख. पूर्वी दुकानदार टोच्या आणि हातोडी घेऊन ठिपक्याला ठिपका जोडत नाव घालायचा, नंतर घर्रर्र करणारं यंत्र आलं. माझ्याकडे आजीचा पितळी गडू आहे. लग्नाला निघताना आईनं दिलेला. त्याच्या गळ्याखाली आजीचं सासरचं नाव आणि १९४१ हे साल, ठिपक्यांत. आजीच्या रुखवतातला गडू म्हणून मी तो इकडे कपड्यांत गुंडाळून आणला. घरातली सर्वांत जुनी लिहिलेली गोष्ट म्हणजे तो गडू.

इंग्रजांनीही काचेवर अशीच नावं घातली. बिअरच्या पेल्यांवर हॉप्सचे तुरे आणि जवाच्या ओंब्या. ब्रिस्टलच्या खासगी लढाऊ जहाजांना यश चिंतणारे पेले. १७९६ साली संडरलंडला वेअर नदीवर लोखंडी पूल झाला आणि तो पूल पेल्यांवर आला, खालून शिडाचं जहाज जातानाचा. १८०५ मध्ये नौसेनापती नेल्सन लढाईत पडला आणि त्याच्या शोकाचे पेले निघाले. लग्नं, बारसं, निवडणुका. हे सगळे उघड बोलणारे पेले.

काही पेले मात्र बोलायचे नाहीत. १६८८ साली स्टुअर्ट घराण्यातला दुसरा जेम्स सिंहासन सोडून फ्रान्सला गेला. पुढची साठ-सत्तर वर्षं त्याच्या मुलाला आणि नातवाला परत आणू पाहणारे लोक इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये होते. त्यांना जॅकोबाइट म्हणतात. १७४५ साली नातू चार्ल्स एडवर्ड स्कॉटलंडला उतरला, फौज घेऊन डार्बीपर्यंत आला, तिथून मागे फिरला, आणि १६ एप्रिल १७४६ला कलोडनच्या माळावर सगळं संपलं. पकडलेल्यांपैकी अनेकांना फाशी झाली. अशा काळात राजाचं नाव घेऊन पेला उंचावणं म्हणजे राजद्रोह. म्हणून नाव न घेता उंचावायचा. समोर राजाचं आरोग्य चिंतलं जात असताना पेला पाण्याच्या भांड्यावरून न्यायचा, म्हणजे आपला राजा समुद्रापलीकडचा. आणि पेल्यावर गुलाब. गुलाब स्टुअर्टांचा, कळी किंवा दोन कळ्या वारसदारांच्या. ओकचं पान, तारा, काट्याचं स्कॉटिश फूल, कधी एखादाच लॅटिन शब्द: ‘फिअत’, तथास्तु. ‘रेदेअत’, तो परत येवो. वेल्सच्या रेक्सहॅम भागात अशा लोकांची एक मंडळी १७१० पासून होती. एकमेकांच्या घरी आळीपाळीनं जमायची, आपल्या भिशीसारखी.

आणि सर्वांत धीट ते ‘आमेन’ पेले. हिऱ्याच्या टोकानं त्यांच्यावर स्टुअर्ट राजासाठीची आख्खी प्रार्थना लिहिलेली, शेवटी आमेन. जगात चाळीसच्या आत उरले आहेत. अक्षरांचं वळण ताडून काही अभ्यासक ते काम रॉबर्ट स्ट्रेंजचं मानतात. हाच तो छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यांवर चित्रं कोरणारा, ज्यानं १७४६ मध्ये चार्ल्सच्या फौजेसाठी नोटांची पाटी कोरायला घेतली होती आणि ज्याला पुढे १७८७ साली सिंहासनावरच्या त्याच विरोधी, हॅनोव्हर घराण्याच्या राजानं ‘सर’ हा किताब दिला. असा एक पेला मी काचेच्या कपाटाबाहेरून पाहिला आहे. अक्षरं इतकी पातळ की आधी काही दिसलंच नाही. मग मी बाजूला सरले आणि उजेड तिरपा झाल्याबरोबर ओळीमागून ओळ उगवली. पकडला गेला तर जीव जाईल असं वाक्य कुणीतरी पिण्याच्या भांड्यावर लिहिलं, आणि पाहुण्यांसमोर ठेवलं. किती विश्वास असेल त्या टेबलाभोवतीच्या माणसांचा एकमेकांवर.

तर माझ्या पेल्यावर गुलाब होता, कळी होती.

या व्यापारात चाळीस वर्षं घालवलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले. पेला त्यांच्याकडे नेला. त्यांनी आधी टिचकी मारली, मग बैठकीखालचा वण अंगठ्यानं चाचपला. पेला घडवताना लोखंडी कांब तिथे चिकटवतात आणि शेवटी तोडतात, त्याचा खडबडीत वण. बेंबीसारखा. बैठकीच्या कडेवरचे ओरखडे पाहिले. अडीचशे वर्षं टेबलावर सरकलेल्या पेल्याचे ओरखडे सगळ्या दिशांना जातात, कमी-जास्त खोल असतात. वाळूच्या कागदानं घासून मुद्दाम आणलेले एका चालीचे असतात. “पेला खरा आहे,” ते म्हणाले, “१७६०च्या आसपासचा. सुरेख आहे.” मग दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून ते गुलाबाकडे वळले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी भिंग माझ्या हातात दिलं. “ओरखडे बघा. वाटीवरून पाकळीकडे जाणारे.”

मी पाहिलं. पुसून पुसून पडलेली एक बारीक रेघ वाटीवरून पाकळीपर्यंत येत होती आणि पाकळीच्या कडेला कापल्यासारखी थांबत होती. पलीकडच्या कडेला तीच रेघ पुन्हा सुरू. दुसरी रेघ, तेच. गुलाब आधी असता तर रेघ त्याच्या अंगावरूनही गेली असती. कडा झिजल्या असत्या, खोलगट भागात मळ बसून तो राखाडी झाला असता. इथे पाकळी पांढरी होती आणि कडा धारदार.

“गुलाब नंतरचा,” ते म्हणाले. “शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा असेल.”

जुन्या इंग्रजी पेल्यांवरचा पहिला मोठा ग्रंथ १८९७ साली निघाला आणि संग्राहक वाढले. साध्या पेल्याला जी किंमत, तिच्या कितीतरी पट गुलाबाच्या पेल्याला. मग साध्या, अस्सल जुन्या पेल्यांवर गुलाब उमलू लागले. हे फक्त स्टुअर्टांच्या बाजूनं झालं असंही नाही. आयर्लंडमधल्या बॉइनच्या १६९०च्या लढाईत दुसऱ्या जेम्सला हरवणारा, घोड्यावरचा तिसरा विल्यम ज्यांच्यावर आहे, त्या विरुद्ध बाजूच्या पेल्यांतलेही बरेच डब्लिनमध्ये राहणाऱ्या फ्रान्झ टीत्से (१८४२–१९३२) या बोहेमियन कारागिराच्या हातचे निघाले. १९९०च्या दशकात अभ्यासकांनी ते उलगडलं, तोवर ते मोठमोठ्या संग्रहांत मानानं नांदत होते. टीत्सेचं कोरीवकाम उत्तम आहे. तांब्याच्या चाकावरचा हात पिढीजात असावा असा. ते त्याच्या नावानं विकलं गेलं असतं तर केवढं बरं झालं असतं.

त्या रात्री मी पेला पुढ्यात घेऊन बसले होते. वाईट वाटत होतं, आणि ते पैशांचं नव्हतं. कलोडननंतरच्या कुठल्यातरी बंद खोलीतल्या माणसांचा हात आणि माझा हात एकाच देठावर आला आहे, असं मी आठवडाभर धरून चालले होते. देठ अजून तोच होता. कुणीतरी त्यातून नक्कीच प्यायलं होतं, कदाचित त्या राजाचं नाव मनात घेऊनच. पण गुलाबानं सांगितलेली गोष्ट खरी नव्हती, आणि आता ती काचेतून पुसताही येणार नव्हती. गुलाब घासून काढायचा तर काच पातळ करावी लागेल.

भिंग हातातच होतं. समोरच्या फळीवर गडू होता. मी तो खाली घेतला.

आजी गडू राखेनं घासायची, चिंचेनं उजळायची. त्या घासण्याच्या रेघा पितळेवर गोल गोल, गळ्याभोवती, हजारोंनी. भिंगातून त्या नांगरटीसारख्या दिसतात. नावाच्या पहिल्या अक्षरावर भिंग नेलं. ठिपक्यांत पितांबरीची पांढरट पूड अडकलेली होती, ती मी काडीनं काढली. एक रेघ धरून ठिपक्यापर्यंत आले. रेघ ठिपक्याच्या काठाला तुटली. पलीकडे पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या ठिपक्याला तेच. १९४१च्या चार आकड्यांना तेच.

भारतात सकाळ व्हायची वाट पाहिली आणि आईला फोन लावला.

“आजीच्या गडूवरचं नाव कधी घातलंय गं?”

“अगं, आजी गेल्यावर,” आई म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. “वाटण्या झाल्या ना तेव्हा. ज्याच्या नावाचं भांडं त्यानं उचललं. या गडूवर कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून तर तो मला मिळाला. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तिचं नाव घालून आणलं.”